टाकीचे डोहाळे

आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त लाड कुणाचे चालले असतील तर ते पेट्रोलच्या टाकीचे. बायकोची पाठ दुखतीय, माझा गुडघा जिना उतरताना वाजतो, पण उशी कुणाला हवीय तर टाकीला, आणि तीही साधीसुधी चालत नाही. फार मऊ झाली तर टाकी डुलते. फार कडक झाली तर टाकीचा पत्रा चिरतो. पेट्रोल लागून फुगली तर टाकीच वर उचलली जाते आणि मग सीट बसत नाही. आणि नुसतीच म्हातारी झाली तर तिचं डांबर होतं नि ते नव्या रंगाच्या कडेने खाली ओघळतं. माणसाच्या उशीचं एवढं नसतं हो, ती फार तर मान धरते.

तर ही टाकी आहे माझ्या जुन्या मोटरसायकलची, बीएसए ए६५ थंडरबोल्टची, मॉडेल १९६७. मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे लोखंड दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही, आणि पोटापाण्यासाठी येऊन पडलो बर्मिंगहॅमला, जिथे स्मॉल हीथ भागात बीएसएचा अवाढव्य कारखाना होता. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका करायला निघालेली कंपनी, मग सायकली करायला लागली, मग मोटरसायकली, आणि एके काळी जगातली सगळ्यात मोठी मोटरसायकल कंपनी म्हणून मिरवायची. त्यांच्या छापावर अजून तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. १९७३ पर्यंत सगळा कारभार आटोपला. गाड्या मात्र उरल्या, आणि त्यातली एक आमच्या शेडमध्ये आली. इथे चाळीस वर्षांवरच्या जुन्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही आणि एमओटी म्हणतात ती वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, म्हणजे थोडक्यात सरकारनेही हात टेकलेत.

आता ही गाडी एवढी का हादरते ते एकदाच सांगून टाकतो. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, आणि दोन्ही पिस्टन एकदम वर जातात, एकदम खाली येतात. ही रचना लोकप्रिय केली एडवर्ड टर्नर नावाच्या गृहस्थांनी, १९३७ ला ट्रायम्फसाठी स्पीड ट्विन काढून. ती गाडी इतकी खपली की बाकी सगळ्या इंग्रज कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. आता दोन पिस्टन एकदम वरखाली झाले तर हादरा बसणारच, तो मारायला क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या वरखालीने गोल फिरणाऱ्या दांड्यावर, उलट बाजूला वजन लावतात. पण ग्यानबाची मेख अशी की त्या वजनाने वरखालीचा हादरा कमी झाला की तेवढाच पुढंमागं वाढतो. म्हणजे हादरा संपत नाही, फक्त दिशा बदलतो. म्हणून कारखान्यातले लोक मधेच कुठेतरी तोडपाणी करायचे, थोडं वरखाली राहू द्या, थोडं पुढंमागं जाऊ द्या, गिऱ्हाईक काय, बोंबलत बसेल. टर्नरसाहेबांची मूळ गाडी ५०० सीसीची होती तोवर हे चालून गेलं. मग अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना जास्त ताकद पाहिजे म्हणून ६५० झाल्या, पुढे ७५० झाल्या, रचना तीच, पिस्टन मात्र थोराड. आमची ६५४ सीसी आहे.

नॉर्टनवाल्यांना शेवटी लाज वाटली असावी. त्यांनी १९६७ सालीच कमांडो काढली आणि तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या चाकाचा चिमटा हा अख्खा संसारच रबरावर टांगला, त्याला आयसोलास्टिक असं भारदस्त नाव दिलं. बीएसएवाल्यांनी त्याच वर्षी काय केलं, तर इंजिन फ्रेमला घट्ट आवळलं, फक्त टाकी रबरावर ठेवली आणि चालवणाऱ्याला देवाच्या भरवशावर. ताशी साठ मैलांच्या पुढे गेलं की आरशात मागची एक गाडी तीन दिसते. टेललाइटच्या बल्बची तार तुटते, नंबरप्लेटचे स्क्रू आपोआप फिरून पडतात, आणि घरी येऊन चहाचा कप हातात घेतला की बशी वाजते. बायको म्हणते, "आलास वाटतं, बशी वाजली."

पण हे सगळं सहन होतं. टाकीचं होत नाही. कारण टाकी म्हणजे पातळ पत्रा, खालून कडेकडेने जोड दिलेला, आणि आत पेट्रोल. चार गॅलन म्हणजे अठरा लिटर, नुसतं पेट्रोलच तेरा किलोच्या वर जातं. ते मिनिटाला हजारो वेळा हादरवलं तर जोड उलतो. आणि तो उलतो कुठे तर बरोबर तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर. एका रविवारी फिरून आल्यावर मला मांडीपाशी पेट्रोलचा वास आला, बोट लावून बघितलं तर टाकीच्या पुढच्या खालच्या कडेला ओलसर, केसाएवढी बारीक चीर. टाकी रिकामी करून, नीट हवा-पाणी खेळवून एका जाणकाराकडे ब्रेझिंगला, म्हणजे पितळ वितळवून चीर बुजवायला दिली, ते काम त्याने सुरेख केलं आणि जाताना म्हणाला, "रबरं बदल, नाहीतर पुढच्या वर्षी भेटूच." एवढ्या गोड शब्दांत धमकी फक्त इंग्रजच देऊ शकतो.

ए६५ ची टाकी बसवायची पद्धत ऐकण्याजोगी आहे. टाकीच्या मधोमध वरून खालपर्यंत आरपार भोक. त्यातून एकच बोल्ट, तो खाली फ्रेमला धरतो. बोल्टाच्या आजूबाजूला रबराचे जाड वायसर, टाकीच्या पोटाखाली फ्रेमच्या नळीवर रबराच्या गाद्या, आणि वर भोकाच्या तोंडाला रबरी बूच, म्हणजे दिसायला सगळं गुळगुळीत. झालं. अख्खी टाकी एका बोल्टावर. आणि हा बोल्ट घट्ट आवळायचा नाही! आयुष्यभर आपल्याला काय शिकवलं तर बोल्ट घट्ट आवळावा. इथे आवळला की रबर चेपतं, रबर चेपलं की टाकी फ्रेमला जाऊन भिडते, भिडली की चिरते. सैल सोडला तर टाकी उड्या मारते आणि फ्रेमवर घासून खालून पत्रा पातळ करते. म्हणजे टाकी धरायचीही नाही आणि सोडायचीही नाही. शेजारचे आजोबा, जे तरुणपणी स्मॉल हीथच्या कारखान्यात उमेदवारी करत होते आणि हल्ली माझ्या शेडच्या दारात घडीची खुर्ची टाकून बसतात, ते म्हणाले, टाकी तरंगली पाहिजे. मी विचारलं, म्हणजे किती आवळू? ते म्हणाले, कळेल. आजोबांच्या हाताखाली पूर्वी शिकलेल्या पोरांबद्दल मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

जुनी रबरं काढायला घेतली तर तो पुरातत्त्व खात्याचा विषय निघाला. ही गाडी माझ्याआधी बऱ्याच जणांकडे फिरलीय आणि प्रत्येकाने आपापल्या काळी जे हाताला लागलं ते टाकीखाली घालून ठेवलंय, आणि आधीच्याचं काही काढलेलं नाही. सगळ्यात वर पाण्याच्या पाइपाला थंडीत गुंडाळतात तो करडा फोम, उभा चिरून नळीवर चढवलेला. त्याखाली गालिच्याचा तुकडा, हिरवा, फुलाफुलांचा, पेट्रोल पिऊन कडक झालेला, म्हणजे हे नक्की कुणाच्या तरी आजीच्या हॉलमधलं. त्याखाली सायकलच्या ट्यूबचे तीन थर, एकावर अजून पंक्चरचं ठिगळ. मधे एका पबातला बिअरचा ग्लास ठेवायचा पुठ्ठा, दुमडून. आणि सगळ्यात तळाला, फ्रेमला चिकटून, १९६७ चं मूळ रबर. रबर म्हणजे काय, काळा चिकट गोळा. नखाने खरवडलं तर नखात गेला तो दोन दिवस निघाला नाही, भांडी घासायची काथ्याची घासणी चालवली, शेवटी बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर. ती म्हणाली, "बाटली संपली की सांग हं, मी माझ्या हातांसाठी इंजिन ऑइल वापरीन."

मग नवीन रबरांचा शोध. ऑनलाइन एक संच मिळाला, जुन्या गाडीचे नव्याने बनवलेले पार्ट, ज्याला इथे पॅटर्न पार्ट म्हणतात. पाकिटावर गाडीचं नाव, साल, सगळं बरोबर. आतलं रबर मात्र असलं कडक की टेबलावर टाकलं तर टणकन वाजलं. गाद्या मूळच्यापेक्षा जाड, त्यामुळे टाकी वर आली, टाकी वर आली त्यामुळे बोल्ट खाली पोचेना, आणि सीटचं नाक टाकीच्या शेपटीवर चढून बसलं. दुकानदाराला कळवलं तर त्याचं उत्तर आलं की वापरून वापरून बसतील. वापरायला आधी बोल्ट लागायला नको का? असो.

स्टॅफर्डला वर्षातून दोनदा जुन्या मोटरसायकलींची जत्रा भरते, तिथे गेलो. हे एक प्रकरणच आहे. पत्र्याच्या मोठमोठ्या शेडांमध्ये आणि बाहेर चिखलात माणसं ताडपत्र्यांवर गंजकं लोखंड मांडून बसलेली असतात आणि दुसरी माणसं ओणवी होऊन ते लोखंड इतक्या प्रेमाने चिवडत असतात की आपल्याकडे भाजी मंडईत कोथिंबीर कुणी एवढी निवडत नाही. तिथे एका टेबलावर मला साक्षात कारखान्याचं मूळ पाकीट मिळालं, बीएसएचा छाप, पार्ट नंबर, न उघडलेलं. किंमत ऐकून मी दोन पावलं मागे सरलो, तरी घेतलं. घरी आणून उघडलं तर आत रबराला बारीक बारीक भेगा, दुमडलं तर बिस्किटागत कडकन मोडलं. पन्नासहून जास्त वर्षं पाकिटात झोपलेलं रबर न वापरलेलं असतं हे खरं, पण म्हणून ताजं नसतं. हवेने रबर म्हातारं होतं, त्याला गाडीवर चढायची गरज नसते. ही गोष्ट विकणाऱ्याला नक्की माहीत असणार, त्याशिवाय का त्याने पाकीट न उघडण्यावर एवढा भर दिला.

दरम्यान सल्ले चालूच होते. टाकीखाली काय घालावं या विषयावर मत नसलेला पुरुष या देशात नाही असं माझं ठाम मत झालंय. एक म्हणाला बागेतला पाण्याचा पाइप कापून घाल. एक म्हणाला योगा मॅट. एक म्हणाला माझ्या वडिलांनी बुटाचा तळवा घातला होता आणि ते नव्वदीपर्यंत जगले, आता यातला संबंध मला लागला नाही पण त्याने फार खात्रीने सांगितलं. शेवटी मी म्हटलं मतं बास, आपण प्रयोग करू. टाकीखालच्या रबरावर पेट्रोल सांडणारच, तोटीपाशी गळणारच, भरताना नळ निसटणारच, तेव्हा जे पेट्रोलमध्ये टिकेल तेच घालायचं.

म्हणून शेडच्या फळीवर बरण्या मांडल्या, प्रत्येकीत दोन बोटं पेट्रोल आणि एकेक तुकडा. सायकलची ट्यूब. योगा मॅट (बायकोचीच, पण कोपऱ्यातून, गुंडाळली की दिसत नाही). पाइपाचा फोम. पॅटर्न पार्टातली एक गादी. आणि इथे पेट्रोलचंही एक झंगट आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. नव्या गाड्यांना काही होत नाही, पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, फायबरच्या टाक्या, टाकीच्या आतून लावलेला लेप, सगळ्यावर हे इथेनॉल उठतं, शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून जुन्या गाडीवाले महागातलं सुपर भरतात, त्यात पाच टक्क्यांपर्यंतच असतं. मी दोन्ही प्रकारच्या बरण्या केल्या. लेबलं मुलीने लावली, तिचं अक्षर चांगलं आहे.

आठवड्याने बघतो तर सायकलची ट्यूब पाण्यात टाकलेल्या साबुदाण्यासारखी टम्म. बाहेर काढून मूळ तुकड्याशेजारी ठेवली तर दोघांचं काही नातं आहे असं वाटेना. योगा मॅटचं उलटं झालं, पेट्रोलने तिच्यातला मऊपणाच शोषून घेतला, बाहेर काढून वाळवली तर ती आखडून पापड झाली. फोमला पेट्रोलने फारसं काही केलं नाही, पण त्याचा रोग वेगळा, त्याच्यावर टाकी ठेवली की तो एकदा दबतो तो परत उठत नाही. पॅटर्न पार्ट फुगलाही नाही, मऊही झाला नाही, त्याला कशानेच काही झालं नाही, तो होता तसाच दगड. आणि याच सुमारास बायको शेडमध्ये कात्री शोधायला आली.

तिने फळीकडे बघितलं. मग म्हणाली, "या माझ्या लोणच्याच्या बरण्या आहेत."

मी म्हटलं, "रिकाम्या होत्या."

तिने मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं की घरी पेट्रोल ठेवायचं तर प्लास्टिकचा मान्यताप्राप्त डबा दहा लिटरपर्यंत, नाहीतर पत्र्याचा वीस लिटरपर्यंत. "यात कैरीच्या लोणच्याची बरणी कुठंय दाखव." नव्हतीच. प्रयोगशाळा त्याच संध्याकाळी बंद झाली. योगा मॅटचा कोपरा तिच्या लक्षात यायला आणखी थोडे दिवस लागले, ते प्रकरण इथे सांगत नाही.

तोवर मला एवढं कळलं होतं की हवंय ते नायट्राइल रबर, ज्याच्या ऑइल सील आणि पेट्रोलच्या नळ्या करतात, आणि कडकपणात मधलं. रबराचा कडकपणा शोअरच्या आकड्यात मोजतात, गाडीच्या टायरचं साधारण साठ-पासष्ट, खोडरबराचं त्याहून कमी. पण मला हवं त्या मापाचं, त्या जाडीचं, चार-सहा तुकडे कोण देणार? इथे चौकशी केली तर कारखानदार म्हणाला कमीत कमी ऑर्डर पाचशे. पाचशे टाकीच्या गाद्या घेऊन मी काय पंगत वाढू?

आणि मग कोल्हापूरला काकांना फोन झाला. म्हणजे फोन दुसऱ्याच कारणासाठी होता, काकूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण बोलता बोलता विषय निघाला. काकांची बुलेट मी पाळण्यात असल्यापासूनची. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे टाकीखाली रबर घालाय इंग्लंडात कोण गावंना व्हय तुला?"

"काका, तसं नाही, इथे माप..."

"आरं आमच्या बुलेटची टाकी बघ. काय झालं का आजवर? आन् ती कुठली रं? तुझ्याच तिकडची न्हवं?"

खरं आहे. रॉयल एन्फील्ड मूळची रेडिचची, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, आमच्याकडून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. १९५५ साली मद्रासला कंपनी निघाली आणि इंग्लंडमधला कारखाना मिटला तरी तिकडे बुलेट चालूच राहिली. मी काकांना समजवायला गेलो की बुलेटचं एकच सिलिंडर आहे, ते दणका देतं पण सावकाश देतं, आमची दोन सिलिंडरं जलद फिरतात, बारीक थरथर पत्र्याला जास्त खाते वगैरे. काका म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. मापं पाठीव. उद्यमनगरात मानूस हाय."

ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी, शिवाजी उद्यमनगर म्हणजे फाउंड्र्या, लेथ, शेपर, पेटर्नवाले, बफिंगवाले, एका गल्लीत शिरलात की दुसऱ्या टोकाला इंजिन घेऊन बाहेर पडता येईल असा भाग. तिथला माणूस आहे म्हटल्यावर विषय संपतो. मी पुठ्ठ्यावर आकार काढले, व्हर्नियरने माप घेतलं, मिलिमीटरमध्ये लिहिलं, फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, मागे कसलीतरी मशीन चालू आणि काका तिच्यावर ओरडतायत, "पन्नास शोअर पायजे का साठ, इचारतोय त्यो!" मी म्हटलं दोन्ही करा. मागून त्या माणसाचा आवाज आला, "गाडी कंची हाय?" काका म्हणाले, "बीएसए." तो म्हणाला, "म्हंजे महिंद्राची?"

आता यावर मी काय बोलणार. बरोबरच आहे त्याचं. २०१६ ला महिंद्रांच्या क्लासिक लेजेंड्स कंपनीने बीएसएचं नाव विकत घेतलं, २०२१ च्या डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅमला येऊन गोल्ड स्टार नावाची नवी गाडी दाखवली, ती तयार होते मध्य प्रदेशात पीथमपूरला. नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे आहे. ट्रायम्फच्या छोट्या गाड्या बजाज चाकणला बनवतं. म्हणजे मीच एकटा उलट्या दिशेने आलो.

पार्सल आलं मावसभावाच्या सासूबाईंच्या बॅगेतून. त्या मुलीकडे तीन महिने राहायला आल्या होत्या, हीथ्रोवरून त्यांना आणायला गेलो तर गाडीत बसायच्या आधी म्हणाल्या, "हे तुमचं काय ते रबर तेवढं काढून घ्या हो, सगळी बॅग वास मारतीय." घरी उघडून बघितलं तर रबराला त्यांच्या चटणीचा वास लागला होता. कांदा-लसूण चटणीचं अर्ध्या किलोचं पाकीट आणि नायट्राइलच्या गाद्या शेजारी शेजारी प्रवास करून आल्या होत्या आणि दोघींनी एकमेकींना आपापलं दिलं होतं. चटणी आम्ही खाल्ली, थोडी टायरची चव होती, पण बरी लागली. रबर मात्र काय सांगू! कडा साफ, भोकं बरोबर मधे, अंगठ्याने दाबलं तर दबतंय, सोडलं की लगेच परत येतंय. वरच्या बुचाचीही त्याने हुबेहूब नक्कल केली होती. आणि मी न सांगता दोन जास्तीच्या गाद्या, चिठ्ठी लावून, "हारवल्यास". शिवाय उरलेल्या शीटचा हा एवढा तुकडा, काकांच्या मते घरात रबर असलेलं बरं.

टाकी बसवायच्या दिवशी आजोबा खुर्ची घेऊन हजर. ते कधीच हात लावत नाहीत, फक्त मोठा श्वास घेतात, आणि त्या श्वासावरून आपण ओळखायचं की काहीतरी चुकतंय. आधी पाना सापडेना. या गाड्यांना व्हिटवर्थचे पाने लागतात, जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचं माप ठरवून दिलं आणि त्या पान्यांवर लिहिलेला आकडा बोल्टाच्या डोक्याचा नसतो, दांड्याच्या जाडीचा असतो, त्यामुळे पाव इंच लिहिलेला पाना हातात धरला की तो अर्ध्या इंचाएवढा दिसतो आणि माणूस तो परत ठेवून देतो. पाना हातात होता तरी मी बराच वेळ पाना शोधत होतो.

मग गाद्या नळीवर ठेवल्या, पन्नास शोअरच्या मागे, साठच्या पुढे, कारण हादरा पुढे जास्त येतो असं मला वाटतं. मुलीने टाकीची एक बाजू धरली, मी दुसरी. टाकी खाली येताना एक्सलेटरची केबल मधे. परत वर. परत खाली. आता हेडलाइटच्या वायरी मधे. परत वर. मुलगी म्हणाली, "बाबा, माझा क्लास आहे सहाला." तिसऱ्यांदा टाकी बसली, हँडल डावीकडे उजवीकडे पूर्ण फिरवून बघितलं, केबल ओढली जात नाही ना, हे बघायलाच पाहिजे, नाहीतर वळणावर हँडल फिरवलं की गाडी आपोआप पळायला लागते. बोल्ट घातला. आवळायला लागलो. हाताने फिरला तेवढा फिरवला, मग पान्याने थोडा. आजोबांनी मोठा श्वास घेतला. मी थांबलो. टाकीच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून हलवून बघितली, हलली, पण मऊ हलली, खडखड नाही, कुठेही लोखंडाला लोखंड लागत नाही. ते "कळेल" म्हणाले होते ना, ते खरंच कळलं, वैताग आहे.

सुरू केली. आजोबांनी खिशातून पन्नास पेन्सचं नाणं काढलं, ते सात कोनांचं असतं, आणि टाकीवर ठेवलं. म्हणाले, आधी हे चार सेकंदात पडायचं. नाणं थरथरलं, एका कोनावर थोडं सरकलं, आणि थांबलं. एक्सलेटर जरा दिला, परत सरकलं, बुचाच्या कडेला जाऊन टेकलं आणि तिथेच राहिलं. आजोबा म्हणाले, "नॉट बॅड." बर्मिंगहॅमच्या माणसाकडून हे ऐकणं म्हणजे इथे सत्काराची शाल-नारळ. मग त्यांनी मला विचारलं, रबर कुठलं, मी म्हटलं कोल्हापूर. त्यांनी वाकून टाकीपाशी वास घेतला आणि विचारलं, हा कसला वास.

गाडी रस्त्यावर काढली तर टाकी अगदी गप्प. मांडीला थरथर जवळजवळ नाही. पण हादरा इंजिनात आहे तेवढाच आहे हो, तो काही कोल्हापुरी रबराला घाबरून पळून जाणार नाही. आधी टाकी त्यातला थोडा खात होती, आता तिने खायचं सोडलं तर तो पुढे सरकला. परत येईपर्यंत हॉर्नचा कंस सुटून लोंबत होता आणि सीटखालच्या बॅटरीचं झाकण कुठेतरी ए४५ हमरस्त्यावर पडलंय. काकांना सांगितलं तर त्यांना मनापासून आनंद झाला. "पाठीव मापं," म्हणाले, "हॉर्नचं, बॅटरीचं, सगळंच करून घिऊ." सासूबाई परत जायच्या आधी यादी द्यायचीय.

उरलेल्या शीटचे बायकोने न विचारता चार चौकोन कापले आणि वॉशिंग मशीनच्या पायांखाली घातले. ते मशीन स्पिनला लागलं की स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत यायचं, आता जागचं हलत नाही. काकांना तिने तसा फोटोही पाठवला. त्यांचा लगेच मेसेज आला, मशीन कंची हाय?